इन्स्पेक्टरची आई

अख्ख्या बोलोन्यात आपल्यासारखी तोर्तेल्लीनी कुणाला जमत नाही, असं आर्जिया स्वतःच सांगायची, आणि तिच्या तोंडावर नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती. नाताळ आठवड्यावर आला की तिची लांबरुंद फळी टेबलावर चढायची. अंड्यात मळलेल्या पिठाची पोळी इतकी पातळ लाटायची की तिच्यातून समोरची खिडकी दिसावी. मग वरच्या मजल्यावरची नोर्मा आणि खालची योले हात धुऊन यायच्या. पोळीचे चौकोन कापायचे, त्यावर हरभऱ्याएवढं मांसाचं सारण, त्रिकोणी घडी, बोटाभोवती वळसा आणि टोकं चिमटीत दाबायची. शेकड्यांनी. हात चालायचे त्याच्या दुप्पट तोंडं चालायची.

त्या रविवारी लिव्हिओ आला तो कोट न काढताच खुर्चीत बसला. पन्नाशीला टेकलेला मुलगा, पण तोंड असं की जणू नापासाचं प्रगतिपुस्तक खिशात आहे.

“कोण मेलं?” आर्जियाने विचारलं. “तुझ्या पुस्तकातलं सोडून सांग.”

लिव्हिओ खुनांच्या कादंबऱ्या लिहायचा. पंधरा वर्षं एका वर्तमानपत्रात पोलीस चौकीच्या बातम्या लिहून बोटं झिजवली, मग पहिली कादंबरी आली. आता पाच झाल्या होत्या. मासळीवालीसुद्धा त्याला थांबवून सही मागायची, आणि तेव्हा आर्जिया मुद्दाम दोन पावलं मागे राहायची, म्हणजे बाजाराला तो नीट दिसावा. पण पुस्तकं तिने वाचली नव्हती. पहिलं चाळीस पानांपर्यंत वाचलं. तिथे लिव्हिओचा इन्स्पेक्टर बेर्ती रात्री घरी येतो आणि डबा फोडून थंडगार वाटाणे खातो. तिने तिथेच पुस्तक मिटलं. पाच पुस्तकांत एकोणीस मुडदे, आणि एकालाही मरण्याआधी धड जेवायला मिळालं नव्हतं, हे तिला नोर्माने सांगितलं होतं.

“सिनेमा जातोय हातातून,” लिव्हिओ म्हणाला.

पाचव्या कादंबरीवर रोमचा निर्माता पाओलुच्ची सिनेमा काढणार होता. पटकथा लिव्हिओच लिहीत होता, आयुष्यात पहिल्यांदा. सगळं जमलं होतं, फक्त शेवट पाओलुच्चीच्या घशाखाली उतरत नव्हता. आज शेवट पटला नाही तर पटकथा रोमच्या दुसऱ्या लेखकाकडे जाणार होती.

“आज म्हणजे?”

“तो येतोय दुपारी. तोंडावर सांगायला.”

“नाही म्हणायला एवढ्या लांब येणारा माणूस भुकेला असतो,” आर्जिया म्हणाली. “योले, रस्सा वाढव गं. आणि तू सांग, काय आहे तो शेवट.”

लिव्हिओने सांगितलं. एक विधवा दिराचा खून करते. पोलिसांना म्हणते, मी सकाळभर घरात तोर्तेल्लीनी वळत होते, हे बघा पाचशे. खरं तर ती बहिणीने वळलेली असतात. शेवटी प्रयोगशाळेतून पिठाचा अहवाल येतो आणि ती पकडली जाते.

“पिठाचा अहवाल!” योले हसली. “बाई, झोप लागायची मला.”

“पाओलुच्चीही तेच म्हणतो.”

आर्जियाचं मात्र लक्ष ताटाकडे होतं. “नोर्मा, किती वेळा सांगितलं, सारण बेताने भर. ही बघ तुझी, सगळी पोट सुटलेली. रश्श्यात शिजताना फुटतील.”

“माझीच कशावरून? योलेची असतील!”

“योलेची ही. करंगळीवर वळलेली, भोक केवढंसं. तिच्या आजीची खोड. आणि ही माझी, टोक वर, मान ताठ.” बोलता बोलता तिने ताटातली तीन ढिगांत वेगळीही केली.

लिव्हिओने कोट काढला. मग उभा राहिला. मग पुन्हा बसला.

“आई, हे तुला नेहमी कळतं?”

“हे न कळायला मी काय आंधळी आहे? दुसऱ्या बाईच्या हातचं स्वतःचं म्हणून खपवायला ती तुझी विधवा बोलोन्याची आहे की चंद्रावरची? गल्लीतली कुठलीही म्हातारी तिला दारातच धरेल.”

तेवढ्यात घंटी वाजली. पाओलुच्ची आत आला. उंच, सुगंधी, गळ्याला लाल रेशमी रुमाल. लिव्हिओने त्याला बसूसुद्धा न देता नवा शेवट सांगितला: विधवा पिठाच्या अहवालावरून नाही, घडीवरून पकडली जाते. रोमकर मंद हसला.

“सिन्योरा, कल्पना गोड आहे. पण मला तर सगळी सारखीच दिसतात. प्रेक्षकांना पटणार नाही.”

“परगावच्या माणसांचे चेहरेही सारखेच दिसतात हो,” आर्जिया म्हणाली. “म्हणून काय त्यांच्या आया त्यांना ओळखत नाहीत?”

“मग परीक्षा घेऊ?”

“घ्या. हात धुतलेत का?”

तिला गॅलरीत पाठवलं, दार लावलं. थंडी चावत होती, पण ती काही शाल मागायला वळली नाही. आतून नोर्माचं खिदळणं ऐकू येत होतं. ‘हसतेय बघा! आणि इथे माझ्या पोराचा सिनेमा टांगणीला लागलाय,’ तिच्या मनात आलं. आणि आपण चुकले तर?

दार उघडलं. ताटात अकरा तोर्तेल्लीनी होती. तिने चष्मा पुसला आणि बोटाने एकेक सरकवत गेली. “नोर्मा. नोर्मा. योले. हे नोर्माचंच, आज सारण कमी घालून मला फसवतेय, पण टोक तसंच ढिलं. योले.” अशी नऊ झाली. एकही चूक नाही. योलेने टाळी वाजवली.

दहावं तिने दोन बोटांत धरून उजेडात नेलं. “हे बाईचं नाही. याच्या घरी फळीच नाही. दाबताना दया आलीय त्याला.”

पाओलुच्चीचे कान रुमालासारखे लाल झाले.

अकराव्यापाशी मात्र आर्जियाचं बोट थांबलं. घडी उलट्या बाजूला, एक टोक दुसऱ्याच्या खाली लपलेलं. तिने ते तळहातावर घेतलं.

“सात वर्षांचा होतास,” ती हळूच म्हणाली. “स्टुलावर उभा राहून वळायचास. दर वेळी उलटं. चापट्या खाल्ल्यास, पण हात सुधारला नाही तो नाहीच.”

लिव्हिओ पिठाची बोटं लपवत हसला. नोर्माने पदरासारखा ॲप्रन डोळ्यांना लावला आणि वर म्हणाली, “कांदा चिरतंय वाटतं कुणीतरी.” कांदा घरात नव्हताच.

पाओलुच्ची खुर्चीत बसला. “पटलं. बाई पकडली जाते. पण एक अडचण आहे. तुमचा इन्स्पेक्टर डबे फोडून खातो. त्याला हे कसं कळणार?”

लिव्हिओने आईकडे पाहिलं. ती लाटण्यावरचं पीठ पुसत होती.

“त्याला नाही कळणार,” लिव्हिओ म्हणाला. “त्याच्या आईला कळेल.”

“बेर्तीला आई आहे?”

“आजपासून आहे.”

“आजपासून!” आर्जियाने लाटणं आपटलं. “पाच पुस्तकं त्या लेकराला पोरकं ठेवलंस? तरीच मेलं थंड वाटाणे खात होतं! वाढ गं योले, साहेबांना दोन डाव जास्त.”

पाओलुच्चीने तीन वाडगे खाल्ले. दुसऱ्या लेखकाचं नाव पुन्हा निघालं नाही.

पुढच्या शरदात बोलोन्यातच सिनेमाचा पहिला खेळ झाला. इन्स्पेक्टरच्या आईचं काम एका नामवंत नटीने केलं, पण पोळी लाटतानाचे हात आर्जियाचे होते. नटीच्या मनगटात जोर नाही, हे तिने पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं. पडद्यावर विधवेने ताट पुढे केलं, तोर्तेल्लीनी जवळून दिसली, आणि आईने चष्मा लावायच्या आधीच थिएटरातल्या बायका ओरडल्या, “तिची नाहीत ती! तिची नाहीत!” हशा आणि टाळ्यांत पुढचं वाक्य कुणाला ऐकूच आलं नाही.

लिव्हिओ पुढच्या रांगेतून मागे वळून आईला शोधत होता.

“पण खून झालाय कुणाचा?” शेजारी बसलेल्या मासळीवालीने कानाशी विचारलं.

“गप्प बस गं,” आर्जिया म्हणाली. “घड्या बघ.”