मास्तरांनी जावयासाठी आणलेली बाटली

मी बाटली बोलतेय, तीही व्हिस्कीची. नाक मुरडायचं असेल तर आधी मुरडून घ्या, मी थांबते. मी स्वतःच अजून धक्क्यातून सावरलेले नाही.

माझ्या पोटात होतं ते लाकडी पिंपात वर्षानुवर्षं मुरलेलं. त्यामुळे दुकानाच्या फळीवर मी जरा तोऱ्यातच उभी असायचे. एके दिवशी गळ्यात मोजपट्टी लटकवलेले एक शिंपीमास्तर भिंतीच्या कडेकडेने आत आले. या माणसाने जन्मात थेंब चाखलेला नाही, हे मी तेव्हाच ओळखलं.

दुकानदाराने त्यांना पहिलटकरणीला सांगावं तसं समजावून सांगितलं. धुरकट वासाची नको, ती औषधासारखी लागते. गोडसर, मऊ घ्या, आणि आधी लहान बाटलीच घ्या. वास घेऊन मग घोट घ्या, वाटलं तर चार थेंब पाणी घाला. मास्तरांनी मान डोलावली, मला उजेडात धरून आरपार पाहिलं आणि विचारलं, "रंग पक्का आहे ना?"

मी हादरलेच! दुकानदार खाली वाकून पिशवी शोधत राहिला, बहुतेक हसू लपवायला.

सगळा खटाटोप जावयासाठी होता. मास्तरांची बायको गेलेली, एकुलती एक मुलगी सासरी. ती दोघं यायची, जेवायची आणि लगेच निघायची. जावई तर दोन शब्दांपलीकडे बोलत नसे. एका गिऱ्हाइकाने मापं देता देता सांगितलं, की तुमच्या जावयाला व्हिस्की भारी आवडते. मास्तरांना वाटलं, आपण जुन्या वळणाचे, म्हणून पोरं आपल्याकडे रमत नाहीत.

रविवारी दुपारी त्यांनी मला टेबलाच्या मधोमध मांडलं. शेजारी दोन नवे ग्लास, एका वाटीत पाणी आणि चार थेंबांसाठी चमचा. ती दोघं आली. मुलगी स्वयंपाकघरात गेली. मास्तरांनी लाजत मला जावयाच्या हातात दिलं. "जावईबापू, आज आपण दोघं बसू."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. पण त्याचा अंगठा मात्र आपसूक माझ्या झाकणावर गेला. कट्‌ असा आवाज झाला आणि सील तुटलं. आपण काय केलं हे त्याला आवाज झाल्यावर कळलं. तापलेली इस्त्री चुकून हातात यावी, तसं त्याने मला अंगापासून लांब धरलं. मी आजवर स्वतःला मेजवानीची चीज समजत होते. माझी कुणाला अशी भीती वाटू शकते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मुलगी दारात आली आणि जागीच थिजली. "बाबा, हे काय केलंत तुम्ही?"

जावयाने मला खाली ठेवलं आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबले. "सोडलीय मी, बाबा. तुम्हाला सांगितलं नाही, कारण घेत होतो हेच कधी सांगितलं नव्हतं. तुमच्याशी जास्त बोललो तर तोंडून निघून जाईल म्हणून गप्प बसायचो."

मास्तर मटकन खुर्चीत बसले. चार थेंबांची वाटी बाजूला सारत म्हणाले, "माप न घेताच कापड कापलं मी."

मग ते उठले, मला मानेला धरून मोरीत नेलं आणि उपडं केलं. इतकी वर्षं मुरलेलं सारं मोरीत! मी आतल्या आत किंचाळत होते. बाहेर तिघंही हमसून रडत होती. त्या दिवशी ती दोघं दिवेलागणीपर्यंत थांबली.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी मला घासूनपुसून आपल्या शिवणकामाच्या दुकानात नेलं आणि झाकणावर दाभण ठोकून भोकं पाडली. तेव्हापासून मी इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी शिंपडते. माझ्या खानदानाने पाहिलं तर लाजेने फुटून जाईल, पण मला आता हे काम आवडतं.

सुटीच्या दिवशी जावई दुकानात येतो, सासऱ्यांशी वाद घालतो आणि इस्त्रीही करतो. पाहुण्याला काय आवडतं ते तिसऱ्याला विचारू नका बाबांनो, त्यालाच विचारा, एवढंच माझं मागणं.

अजूनही मला उचललं की जावयाचा अंगठा आधी झाकणावरच जातो. तिथे त्याला भोकं लागतात. तो क्षणभर थांबतो, श्वास सोडतो आणि मला कपड्यावर उलटं धरतो.