वासरीचा वाटा

सासूबाई केशोरीला निघाल्या तेव्हा बंडीत बसल्यावरही त्यांचं अर्धं चित्त चुलीपाशीच होतं. तिकडे दिलेल्या लेकीचं बाळंतपण. महिनाभर तरी परतणं नव्हतं. गाडीवानानं बैलांना हाक दिली, तशी त्यांनी हातानंच थांब म्हटलं आणि पुन्हा मान बाहेर काढली.

"बहू, पोरीले दूध तापवल्याबिगर देऊ नोको."

"नाही देत, सासूबाई."

"आन् रातचा भात उरू देजो. हंडी खरवडून ठेवू नोको. खाली हंडी घराले बरी नसते."

"बरं," म्हणून धनवंतानं मान डोलावली. पहिली गोष्ट तिनं मनाशी पक्की बांधली. दुसरीला ती आतल्या आत हसली.

हसली, कारण सासूबाईंचा भाताचा अंदाज चुकत चाललाय हे तिनं केव्हाच हेरलं होतं. रोज संध्याकाळी सासूबाई मापानं तांदूळ घेत, माप नीट हातानं सपाट करत, आणि हंडीत ओतून झाल्यावर वरून आणखी दोन मुठी टाकत. कशासाठी? खाणारी माणसं तीन. भात उरायचाच. मग त्यात पाणी घालून ठेवायचं आणि सकाळी त्याची बासी. घरातल्यांनी वाटी-वाटी खाल्ली तरी ती संपायची नाही. आणि उरलेली ती बासी कुठे जायची? तर रामकली काकीच्या वासरीच्या पोटात!

रामकली काकी सासूबाईंची चुलत जाऊ. नवरा गेलेला, पदरात शामी नावाची सहा वर्षांची पोर. रोज सकाळी ती यांच्या घरी ढेकीवर धान कांडायला यायची. कामाला येते असं कोणी म्हणत नसे. जावेला हातभार लावायला येते, असं म्हणायचं. पोवारांच्या घरात अशा गोष्टी शब्द जपून बोलायच्या असतात. धनवंताचे सासरे हयात असताना म्हणायचे, आपण माळव्यातून तलवार घेऊन आलो, वाडगं घेऊन नाही. काकी कांडून झाली की पायरीवर बसून पाणी प्यायची आणि मग आतून, चुलीपुढून न उठता, सासूबाईंचा आवाज यायचा.

"रामकली, बासी उरली वो. फेकू का?"

"फेकता कायले? वासरीले होते."

रोज तेच दोन बोल. धनवंताला पाठ झाले होते. आणि रोज तिला ते खटकायचं.

त्याला कारण होतं. आदल्या पावसाळ्यात तिची निर्मला पोटात असताना वर्तमानपत्रात बंगालच्या दुष्काळाची छायाचित्रं यायची. रस्त्याच्या कडेला पडलेल्या बायका, त्यांच्या छातीशी नुसती हाडं राहिलेली मुलं. नागपूरच्या कॉलेजात दोन वर्षं काढलेली, इंटर झालेली ही मुलगी; पेपर वाचायची तिला सवय, आणि सासरी तो वाचू देतात याचं तिला अप्रूप. पण त्या दिवसांत ती पेपर मिटायची आणि ताटावर बसली की घास फिरायचा. तेव्हाच तिनं ठरवून टाकलं की आपल्या हातून एक शीतसुद्धा वाया जाऊ द्यायचं नाही. तिकडे भाताच्या पेजेवाचून माणसं मरताहेत, आणि इकडे शिजलेला भात वासरीला?

सासूबाईंची बंडी गेली त्याच संध्याकाळी तिनं माप सपाट केलं, हंडीत ओतलं आणि वरच्या मुठी डब्यातच राहू दिल्या.

तरी थोडंफार उरायचंच. पण आता उरलेल्याला घरात वाट होती. शिळ्या भातात लाखोळीच्या डाळीचं पीठ, लसूण आणि हिरवी मिरची घालून ती तव्यावर धिरडी थापायची. तळाशी उरलेल्या वरणात कणीक मळायची. कोबीचे बाहेरचे पानटे बारीक चिरून वड्यांत जायचे. चाळणीतून पडलेल्या कनकीत, म्हणजे तांदळाच्या कण्यांत, गूळ घालून ती शिजवायची. भाताच्या पेजेत जिऱ्याची फोडणी पडली की तेच कालवण. निर्मलाला एका मांडीवर आणि परात दुसऱ्या गुडघ्याशी घेऊन ती हे सगळं करायची, आणि दर दोन क्षणांनी पोरीच्या तोंडात काही गेलं तर नाही ना, म्हणून बोट घालून बघायची.

तिचा नवरा जीवनलाल गोंदियाला धान्याच्या आडतीवर मुनीम होता. सायकल भिंतीला टेकवून तो आत आला की आधी नाक वर करायचा.

"आज काय मेलेल्याले जिवंत केलं?"

"खाऊन तर बघा."

"बढिया!" तो धिरड्याचा तुकडा मोडत म्हणायचा. "मायनं आजवर जेवढं वासरीले चारलं, तेवढ्यात एक म्हैस आली असती."

धनवंता वरून रागवायची. आतून सुखावायची. आपण शिकलो त्याचं या घरात काहीतरी चीज झालं, असं तिला त्या दिवसांत वाटत होतं.

पहिल्या सकाळी काकी पाणी पिऊन पायरीवर बसून राहिली. पेला रिकामा झाला तरी तो हातातच. तिच्या पदराखाली बासी न्यायचा नेहमीचा पितळी गंज होता.

"आज वासरीले काही नाही वाटते," ती शेवटी अंगणाकडे बघत म्हणाली.

"नाही काकी. आता उरतच नाही," धनवंता म्हणाली. तिच्या आवाजात अभिमान होता. मग तिला वाटलं, बिचारी रिकामी कशी जाईल? "पण थांबा हं. वासरीला भातापेक्षा कोंडा चांगला. अंगी लागेल तिच्या." आणि ढेकीपाशी साचलेला तांबूस कोंडा तिनं स्वतःच्या हातानं गंजात भरला, वरून दाबून दाबून.

काकीनं गंजाकडे पाहिलं. मग धनवंताकडे. "हो वो," ती म्हणाली, "कोंडा बरा." आणि उठता उठता हसली. "शिकलेल्या बहूचं सारंच मोजूनमापून."

धनवंताला ती शाबासकीच वाटली. मग रोज सकाळी गंज कोंड्यानं भरून जाऊ लागला.

पंधरवडा झाला असेल. एके दिवशी ढेकी वाजली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शेजारणीकडून कळलं, शामीचं पोट दुखून राहिलंय. पोर कोणाचीही असो, पोटदुखी म्हटलं की तिला आधी आपली निर्मला दिसायची. घरी ओव्याचा अर्क होता. बाटली कमरेला खोचून, पोरीला कडेवर घेऊन ती दुपारचीच काकीच्या घरी गेली.

घर गावाच्या टोकाला, बांधाला लागून. आत शिरताना उजव्या हाताला गोठा. धनवंताची नजर सवयीनं तिकडे गेली आणि तिथेच अडकली. गव्हाणीत सरपण रचलेलं होतं. खुंट्याला दावं नव्हतं, आणि खुंट्याभोवतीची जमीन कोरडी, सारवलेली. शेणाचा डागसुद्धा नाही. कोपऱ्यात कोळ्यानं इकडून तिकडे जाळं विणलं होतं. हे आठ-पंधरा दिवसांचं काम नव्हतं. या गोठ्यात जनावर बांधून वर्ष उलटलं असेल.

"कोण वो?" आतून काकीचा आवाज आला.

शामी घोंगडीवर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. उशाशी थाळी, आणि थाळीत काळसर, जाड, कडेनं फाटलेली भाकर. धनवंता खाली बसली, अर्काची बाटली काढू लागली, आणि तेवढ्या अवधीत निर्मला मांडीवरून सरकली. थाळीतला तुकडा तिच्या मुठीत आला. मुठीतून तोंडात.

विचार करायला वेळच नव्हता. धनवंतानं झडप घालून पोरीचा जबडा धरला, बोट आत घातलं आणि तो तुकडा खरवडून बाहेर काढला. टाळ्याला चिकटलेलं होतं तेही काढलं. पोर किंचाळली. बोटावर ओला, तांबूस, भरड कोंडा होता.

तिनं दाबून दाबून भरलेला कोंडा.

निर्मला रडतच होती. शामी पडल्या पडल्या तिच्या बोटाकडे बघत होती. धनवंताला ते बोट कुठे लपवावं कळेना. लुगड्याला पुसावं, तरी ते पुसणंच दिसेल. तिनं मूठ मिटून घेतली.

पहिल्यांदा सावरली ती रामकलीच. तिनं थाळी उचलली आणि चुलीमागे सरकवली.

"वासरीसाठी थापली होती ते," ती म्हणाली. "या पोट्टीनं उचलून आणली. कितीक सांगावं?"

शामीनं आईकडे पाहिलं.

"पोट आवळून राहिलं होतं तिचं," काकी पुढे म्हणाली. "आता बरं आहे. तू कायले आली एवढ्या उन्हाची?"

धनवंताची नजर पुन्हा दाराकडे, गोठ्याकडे गेली. काकीनं ते पाहिलं.

"वासरी चराले गेली," काकी म्हणाली. तिचा आवाज एकदम कडक झाला होता.

आता काय बोलायचं? माफी मागितली तर काकीचं उरलंसुरलं झाकण निघणार होतं. न मागावी तर ही मूठ अशीच मिटलेली राहणार.

"हो," धनवंता म्हणाली. "येताना दिसली मला. तळ्याच्या पाळीवर. मोठी झाली."

काकीनं तिच्या हातून अर्काची बाटली घेतली.

घरी परतताना धनवंताला त्या वरच्या दोन मुठी आठवत होत्या. सासूबाईंचा हात चुकत नव्हता. उरावा म्हणूनच तो भात रांधला जात होता. दोन जीव जेवतील एवढा, आणि देणारीनं देते म्हणू नये, घेणारीनं घेते म्हणू नये, असा. उरू देजो, असं बंडीतून वाकून त्या सांगून गेल्या होत्या. आणि आपण बंगालच्या पोरांसाठी म्हणून शीत-शीत वेचलं ते या पोरीच्या ताटातून. त्याची धिरडी खाल्ली. वर शाबासकी घेतली. तिनं तळ्यावर हात धुतले, पुन्हा धुतले, तरी बोटाला भरड लागतच होतं.

त्या संध्याकाळी मापावर दोन मुठी पडल्या. मग आणखी एक.

"काऊन वो, पाहुणे येऊन राहिले का?" जीवनलालनं हंडीत डोकावून विचारलं. "कॉलेजवालीचा अंदाज चुकला!"

"चुकला," ती म्हणाली. त्यानं पुढे आणखी थट्टा केली. ती खाली मान घालून ऐकत राहिली.

सकाळी काकी आली. ढेकी वाजू लागली तशी धनवंतानं बासीचं भांडं पुढ्यात ओढलं. कांडून झालं, काकीचा पेला रिकामा झाला. धनवंता चुलीपुढेच बसून राहिली आणि सासूबाईंसारखंच आतून म्हणाली, "काकी, बासी उरली. फेकू का?"



"राहू दे, बहू," काकी म्हणाली. "वासरीले आता कोंड्याचीच सवय झाली."

गंज उचलल्याचा आवाज आला. धनवंता उठून दाराशी धावली. काकी पायरी उतरत होती.

"काकी, ऐका ना." रडायचा आपल्याला हक्क नाही हे तिला कळत होतं. "माझा हात बिघडलाय. रोज भात जास्तच होतो. हे हसतात मला. सासूबाई येऊन बघतील तर म्हणतील, एवढी शिकली आणि अन्न नासवते. तुम्ही नेलं नाही तर मी कुठे लपवू? माझ्यासाठी न्या. कोणाला सांगू नका."

काकी पाठमोरीच थांबली. मग वळली. तिनं धनवंताला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, जशी नवी सून आणल्यावर न्याहाळतात तशी.

"एवढा बिघडला हात?"

"फार बिघडला."

"सुधारन हळूहळू."

"नाही सुधारायचा, काकी."

रामकलीनं गंज पुढे केला. धनवंतानं बासी ओतली. शितं पाण्यातून घरंगळत गंजात पडली, वर तिनं कांदा आणि मिठाचा खडा ठेवला. वासरी कांदा खात नाही हे दोघींनाही माहीत होतं. गंज पदराखाली गेला.

आता ती जाईल, असं धनवंताला वाटलं. पण काकी हलली नाही. तिनं दुसऱ्या हातानं कमरेचं फडकं सोडलं आणि पायरीवर पसरलं.

"आन् कोंडा?"

"कोंडा कशाला?" धनवंता बोलून गेली.

"कशाले म्हणजे?" काकीनं तिच्या डोळ्यांत रोखून पाहिलं. "वासरी आहे न घरी. तूच तं पाहिली, तळ्याच्या पाळीवर."

धनवंता ढेकीपाशी जाऊन बसली. ओंजळीनं कोंडा उचलून तिनं फडक्यावर टाकला. काकी वरून बघत होती. पुरे, असं ती म्हणेना. म्हणून धनवंता ओंजळीमागून ओंजळ भरत राहिली.