बैलाच्या खांद्याचं माप

हिंमतरावांना साडेचार फुटी चाकं हवी होती आणि जनकाबाई ती करून द्यायला तयार नव्हती. पिंपळगाव राजात हिंमतरावांना नाही म्हणणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी, आणि त्यातली निम्मी बहिरी. जनकाबाईचे कान चांगले शाबूत होते. ती सुताराची विधवा. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती आणि त्याचा वाकस, त्याची पटाशी आता तीच चालवत होती. गाव तिच्याकडून वखर-तिफण दुरुस्त करून न्यायचं, पण कुणी विचारलं तर सांगायचं, ‘सहदेव सुताराकडून आणलं.’ मेलेल्या माणसाकडून आणलं म्हणायला गावाला काही वाटत नव्हतं. बाई लाकूड तासते हे म्हणायला मात्र जीभ वळत नव्हती. नवं राज्य होऊन तीन वर्षं झाली, खामगावच्या बाजारात रबरी टायरच्या गाड्या दिसायला लागल्या, पण जीभ होती तिथंच होती.

गोष्ट होती शंकरपटाची. दरसाल माघात गावाबाहेर बैलांच्या शर्यती व्हायच्या. सरळ आखलेल्या पट्टीवर दोन-दोन जोड्या, प्रत्येकी एका हलक्या छकडीला जुंपून, सुसाट सोडायच्या. हिंमतरावांनी यंदा नवी जोडी घेतली होती, पाखऱ्या आणि तुफान. अंगानं ठेंगणी, पण पायात वारा. छकडी वडिलांच्या वेळची होती, फक्त चाकं मोडलेली. तेवढी नवी करायला ते छकडी हाकणारा आपला धुरकरी पंजाबराव आणि बैलजोडी घेऊन जनकाबाईच्या अंगणात आले होते.

“चाकं साडेचार फुटी पाह्यजेत, अन् धाव दोन इंच रुंद. आमच्या बापाच्या वक्ताले होती तशी,” हिंमतराव म्हणाले. चाकावर जे लोखंडी कडं चढवतात, ती धाव.

जनकाबाई उठली. पाखऱ्याच्या खुरापासून खांद्यापर्यंत तिने सुतळी धरली, गाठ मारली. मग तुफानला मापलं, दुसरी गाठ मारली.

“साडेतीन फूट,” ती म्हणाली. “अन् धाव सवा इंच.”

“काऊन?”

“तुमच्या वडलाचे बैल उच्चे होते, पाटील. हे ठेंगणे हायेत. चाक मोठं लावलं का छकडी मांगून उचलते अन् पुढं कलते. मंग पंजाबभाऊचं समदं वजन यायच्या मानेवर. हे पळतीन का वझं वाहतीन? अन् पटाची माती म्या काल टाचेनं दाबून पाह्यली. पानी मारून, रूळ फिरवून कडक केली हाय. तिच्यात सवा इंचाची धाव रुतत नाही. दोन इंचाचं लोखंड उगाच काहाले वाहाचं?”

“मोठं चाक एका फेऱ्यात जास्त जमीन कापते. हे शाळेतल्या पोराले समजते.”

“समजते ना. पन तो फेरा ओढते कोन? शाळेतलं पोरगं का बैल?”

हिंमतरावांचा चेहरा तांबडा झाला. “हिंमतरावाच्या छकडीले पाळण्याची चाकं लावू काय? लोक हासतीन!”

“हासू द्या. चाक बैलाच्या खांद्याले मापतेत, पाटील. मालकाच्या मिशीले नाही.”

पंजाबरावला एकदम ठसका लागला आणि तो बैलांच्या आड गेला. हिंमतरावांचा हात नकळत मिशीकडे गेला होता, तो त्यांनी खाली घेतला.

“खामगावचा सुतार करून देईन,” ते म्हणाले. “बरंच झालं. बाईच्या हातची चाकं पटावर नेली असती तं माही काय शोभा राह्यली असती?”

ते गेले. मिशीचं बोलून जनकाबाईचा जीव थोडा थंड झाला होता, पण हे शेवटचं वाक्य तिच्या काळजात कुसळासारखं बसलं. पटाची एक रीत होती. जोडी सुटण्याआधी पुकारणारा मालकाचं नाव घ्यायचा, धुरकऱ्याचं घ्यायचा आणि चाकं करणाऱ्या सुताराचंही घ्यायचा. तिच्या नवऱ्याचं नाव अकरा वर्षं त्या माळावर घुमलं होतं. त्यातल्या शेवटच्या पाच वर्षांची चाकं, त्याच्या छातीत दम राहिला नव्हता म्हणून, हिनेच केली होती. तेव्हा तिला त्याचं काही वाटलं नाही, घरचंच नाव होतं. पण आता तिला आपलं नाव ऐकायचं होतं. एकदा तरी, भर पटात, सगळ्या गावाच्या कानात. यात लपवण्यासारखं काय आहे? ऐकायचं होतं.

म्हणून तिने चाकं केलीच. कुणी सांगितली नव्हती, तरी केली. दोन पावसाळे मुरलेली बाभूळ घरात होती. आरे तासले, घेराचे पुठ्ठे जोडले, चाकं बसतात तो कणाही नवा केला. धाव चढवायच्या दिवशी शेजारची चांगुणा लोहारीण आली. ही चांगुणा भर रस्त्यात घण मारायची आणि गावाला त्यात कधी काही खटकलं नाही. बाईनं लोखंड ठोकलेलं चालतं, लाकूड तासलेलं चालत नाही, हा कुठला कायदा ते ज्याचं त्याला माहीत.

दोघींनी गोवऱ्यांच्या आगीत कडं लालबुंद केलं, सांडशीनं उचलून चाकावर बसवलं आणि वरून पाणी सोडलं. लोखंड आकसलं, लाकूड करकरलं, एकेक सांधा गच्च झाला. कडं चाकापेक्षा अर्धा अंगठा कमी ठेवायचं असतं. जास्त कमी केलं तर चाक फुटतं, कमी नाही केलं तर वाटेत धाव निघून पळते. जनकाबाईचा अर्धा अंगठा कधी चुकला नव्हता.

“कोनासाठी करून राह्यली बाई?” चांगुणाने घाम पुसत विचारलं. “त्यानं तं नाही म्हटलं.”

“पाटलानं म्हटलं,” जनकाबाई म्हणाली. “बैलानं कोठी म्हटलं?”

पटाला चार दिवस राहिले तेव्हा हिंमतरावांनी खामगावची साडेचार फुटी चाकं लावून सराव केला. दिसायला छकडी अशी दिसत होती की नवरदेव बसवावा. जोडी सुटली, दोनशे पावलं गेली आणि बैलांनी माना खाली घातल्या. पंजाबरावने उडी टाकून जू काढलं. दोघांच्या मानेची कातडी सोलली होती. हिंमतराव आधी पंजाबरावला बोलले, मग बैलांना, मग मातीला. नाचता येईना अंगण वाकडं. खामगावच्या सुताराला मात्र ते काही बोलले नाहीत. मापं त्यांचीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः जनकाबाईच्या अंगणात उभे राहिले. भिंतीला टेकून ठेवलेली चाकं त्यांनी पाहिली.

“कोनाची हायेत हे?”

“पाखऱ्या-तुफानची.”

हिंमतरावांनी घसा खाकरला. “नेतो मंग. दाणे, कडबा, जे म्हनशीन ते धाडतो.”

“जे रीतीनं येते ते येऊ द्या. पटावर नाव माहं घ्या.”

हिंमतरावांनी चाकावरून हात फिरवला. मग अगदी मायेनं म्हणाले, “हे पाह्य जनका, सहदेवचं नाव घेऊ. भल्ला कारागीर होता. चार वर्सानं पटावर त्याचं नाव निंगन. तुलेही बरं वाटन.”

चांगला नेम धरून मारला होता त्यांनी. वाकस कसा धरायचा हे नवऱ्यानंच तिला शिकवलं होतं, तिचा हात आपल्या हातात घेऊन. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगा. नवऱ्याचं नाव मोठं करणाऱ्या बायकोला सगळं जग शाबासकी देतं. आपलं नाव मागणारीला काय देतं ते तिला ठाऊक होतं. तिने पदराने डोळे पुसले.

“ते गेले त्याले चार वर्सं झाली, पाटील. मेल्या मानसानं हे चाक कसं केलं, हे लोकाले कोन सांगन? तुमी? नाव माहं. नाही तं चाकं अथीच राह्यतीन.”

“बरं, बरं. घेऊ तुह्यं.”

हिंमतराव इतक्या लवकर ‘बरं’ म्हणाले तिथेच बाईने ओळखायला हवं होतं. तिने ओळखलंच होतं.

पटाच्या दिवशी माळावर ही गर्दी. बायका लांब गाड्यांवर बसलेल्या. जनकाबाई मात्र पट्टीच्या तोंडाशी, पुरुषांच्या गर्दीतून वाट काढत गेली, कारण दुसरीही एक रीत होती. चाक निसटू नये म्हणून कण्याच्या टोकात लोखंडी खीळ घालतात. ती ज्यानं चाक केलं त्यानंच, सुटण्याआधी, सगळ्यांसमोर ठोकायची. मध्ये कुणी खोडी करू नये म्हणून. जनकाबाईने वंगण घातलं, पंजाबरावच्या मदतीने नवा कणा बसवून चाकं चढवली. खिळी तिच्या पदराच्या गाठीत होत्या.

भोंगा वाजला. “मालक हिंमतराव! धुरकरी पंजाबराव! चाकं सहदेव सुताराची!”

जनकाबाई जागची हलली नाही.

“ठोक ना खिळी. येळ होऊन राह्यला,” हिंमतराव दबक्या आवाजात म्हणाले.

तिने पदराची गाठ आणखी घट्ट केली. लग्नाला वीस वर्षं झाली होती. त्यात नवऱ्याचं नाव तिने फक्त उखाण्यात घेतलं होतं. आता तिने ते खणखणीत आवाजात घेतलं, चार माणसांत नव्हे, चारशे माणसांत.

“चाकं सहदेवची हायेत ना? मंग सहदेव येऊन खिळी ठोकतीन. मी काहाले ठोकू?”

झेंडीवाल्याची झेंडी वर तशीच राहिली. मग कुठून तरी हसू फुटलं आणि पसरत गेलं. यावेळी लोक चाकांना हसत नव्हते.

“दुसऱ्या खिळी आना बे!” हिंमतराव गरजले.

“बसनार नाहीत, मालक,” पंजाबराव म्हणाला. “कण्याची भोकं तिनं पाडली, तिच्या मापानं.” एवढं बोलून तो छकडीवरून उतरला आणि बैलांशेजारी हाताची घडी घालून उभा राहिला. “अन् खिळीवाचून मी चढत नाही. दहा पावलात मान मोडन माही.”

हिंमतरावांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग दातओठ खात पुकारणाऱ्याच्या कानाशी गेले.

“चाकं… सुतारणीची!” भोंगा म्हणाला.

“सुतारणीले नाव हाय!” जनकाबाई ओरडली. लांब गाड्यांवरून चांगुणाचा आवाज आला, “हाय ना! घ्या की!”

“चाकं जनकाबाईची!”

ते नाव माळावरून फिरून आलं. तिने ते पुरतं ऐकून घेतलं, मग गाठ सोडली. एकेका खिळीवर दोन दोन घाव घातले आणि बाजूला झाली. झेंडी पडली.

पाखऱ्या-तुफान सुटले ते माना वर ठेवून. छकडी ना पुढं कलली ना मागं. मातीवर दोन बारीक रेघा ओढत ती गेली आणि शेजारच्या जोडीपेक्षा दोन छकड्यांइतकी पुढं जाऊन थांबली. शेवटच्या फेरीत वरवट बकालची जोडी जिंकली आणि ती खरंच सरस होती. हिंमतरावांचा दुसरा नंबर आला. आजवर त्यांना तिसराही मिळाला नव्हता.

तरी ते संतापलेलेच होते. बैल सोडताना सगळ्यांदेखत म्हणाले, “भरल्या पटात माही इज्जत घेतली तुनं. आजपासून तुह्या दारात पाय ठेवनार नाही.”

जनकाबाई बैलांच्या मानेवरून हात फिरवत होती. जुनी सोल वाळत आली होती. नवा ओरखडा कुठं नव्हता.

“नका ठेवू, पाटील,” ती म्हणाली. “बैल तेवढे धाडत जा. माप त्यायचंच लागते.”