मखमलच्या गाडीची किंकाळी

गाडी गल्लीत वळायला लागली की कोपऱ्यावरचा न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा उचलून हवेत धरायचा. वळणावर ब्रेक लागायचा, आणि ब्रेक लागला की अशी काही किंकाळी उठायची की भल्याभल्यांचा हात हलावा. नवे ब्रेक पॅड बसवल्यापासून हे रोज चाललं होतं. आणि ते बसवले होते धाकटीने, स्वतःच्या हातांनी.

धाकटी म्हणजे त्या घरातली दुसरी मुलगी. थोरली लग्न करून लांब गेली, तरी हिचं नाव धाकटीच राहिलं. मोटार दुरुस्तीचं शिक्षण घेऊन तिने एका मोठ्या वर्कशॉपमध्ये काही वर्षं काढली होती आणि आता तिला स्वतःचं गॅरेज काढायचं होतं. जागा घरातच होती. तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूला लोखंडी शटरची एक ऐसपैस खोली होती, आणि तिच्यात सध्या जुन्या गाद्या आणि एक मोडका पंखा एवढेच रहिवासी होते. पण खोली बाबांची, आणि बाबा ती एका फ्रिज विकणाऱ्या व्यापाऱ्याला गोदामासाठी द्यायला निघाले होते.

यावरून घरात बरीच धुसफूस झाली. शेवटी बाबांनी तोडगा काढला. घरच्या गाडीचे ब्रेक पॅड झिजलेच होते. ते धाकटीने एकटीने बदलावेत. गाडी मुकाट्याने, आवाज न करता थांबली, तर शटरची चावी धाकटीची. नाहीतर रविवारी सकाळी व्यापारी खोली बघायला येणार होताच. धाकटी मनातल्या मनात नाचली. पॅड बदलणं तिच्या डाव्या हातचा मळ होता.

आता बाबांविषयी सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथेच अडलेलं होतं. बाबांनी उभा जन्म लांब पल्ल्याच्या बसवर चालक म्हणून काढला. डेपोत त्यांना 'मखमल' म्हणत. त्यांचा ब्रेक इतका हळुवार लागायचा की गाव आलं तरी झोपलेल्या प्रवाशाला पत्ता नसायचा, कंडक्टरला एकेकाला हलवून उठवावं लागायचं. मुलींना गाडी शिकवताना ते समोर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवत. पाणी सांडलं की शिकवणी बंद, घरी पायी जायचं. थोरली पुष्कळ चालली. धाकटी जिद्दीची, तिने महिनाभरात पेल्यातला थेंबसुद्धा सांडेनासा केला. बाबांनी तिचं एवढं कौतुक आधी कधी केलं नव्हतं आणि नंतरही नाही.

आईची तऱ्हा वेगळी. आई इस्पितळात नर्स, सदा घाईत. पेल्याचं नाव काढताच तिने नवऱ्याला हात जोडले आणि सरळ ड्रायव्हिंग स्कूल गाठलं. तिचं चालवणं म्हणजे सिग्नलपर्यंत सुसाट आणि सिग्नलला जो पाय आपटायचा तो तळापर्यंत. बाबा तिच्या शेजारी बसत नसत. का विचारलं तर म्हणत, "मला माझी मान हवी आहे."

असो. पॅड बसले, चाकं चढली, बाबा ऐटीत शेजारी बसले आणि धाकटीने पहिल्याच वळणावर त्यांनी शिकवल्याप्रमाणे अल्लद ब्रेक लावला. किंकाळी उठली.  बाबांनी खिडकीची काच वर चढवली.

मग धाकटीने कंबर कसली. चाकं पुन्हा उतरवली. पॅड ज्या खाचांत सरकतात त्या घासून चकचकीत केल्या, त्यांना उष्णता सोसणारं ग्रीस बोटाने पातळसर लावलं. पॅडच्या पाठीमागचे पातळ पत्रे जागेवर आहेत का ते बघितलं. चाकाबरोबर फिरणाऱ्या, पॅड ज्यांना आवळून धरतात त्या पोलादी डिस्क पुसल्या, पॅडच्या तोंडावरून हलकेच सँडपेपर फिरवला. वर्कशॉपमध्ये जे जे शिकली होती ते सगळं केलं, आणि दरवेळी गल्लीला एक फेरी मारून आली, अल्लद, हळुवार, बापाची लेक शोभेल अशी. दरवेळी न्हाव्याने वस्तरा उचलला. दुसऱ्या फेरीला तर बाबा कानात कापूस घालून बसले. ते बघून आईला हसू आवरेना, धाकटीला मात्र रडू येत होतं.

शनिवार उजाडला. बाबा फोनवर व्यापाऱ्याला पत्ता समजावून सांगत होते ते तिने जिन्यातून ऐकलं. आपलं गॅरेज आपल्या डोळ्यांदेखत फ्रिजच्या खोक्यांनी भरणार, असं तिला दिसायला लागलं. तिने हात टेकले होते. कुठे चुकतंय हेच कळत नव्हतं, आणि त्याची तिला भीती वाटत होती. दुसऱ्याच्या गाडीला असं झालं असतं तर?

दुपारी आईला टेकडीवर मावशीकडे औषधं पोहोचवायची होती. ही गाडी नेऊ नकोस, असं बाबांनी सुचवून बघितलं. आई म्हणाली, ब्रेक लागतोय ना, मग ओरडू दे की, मीही ओरडतेच. धाकटीला राहवेना, ती शेजारी जाऊन बसली.

जाताना चढ, तेव्हा ब्रेकचं काम फारसं नव्हतं. मावशीने बोलण्यात गुंतवलं आणि आईला ड्युटीला उशीर झाला. उतरताना मग काय विचारता. पहिल्या वळणावर आईने पाय आपटला, धाकटीचं कपाळ काचेला लागता लागता राहिलं, आणि अशी किंकाळी फुटली की रस्त्यालगतच्या बागेतल्या माळ्याने पाण्याची नळी खाली टाकली. दुसरं वळण, तेच. तिसरं, तेच. धाकटीने डोळे मिटून घेतले होते, म्हणूनच बहुधा तिच्या कानाला आधी कळलं. किंकाळी घोगरी झाली होती. पुढच्या वळणावर ती आखूड झाली. त्यापुढच्या वळणावर नुसती कुरकुर, आणि मग गाडी मान मोडेल असा हिसका देऊन हळू झाली, पण चाकांनी हूं की चूं केलं नाही.

"वास येतोय का गं जळका?" आईने ओशाळून विचारलं. "मी काही बिघडवलं का?"

धाकटी ताठ बसली. हा वास तिच्या ओळखीचा होता. वर्कशॉपमध्ये ब्रेकचं काम झालं की गाडी टेस्टवाल्याकडे जायची. तो ती घेऊन बाहेर पडायचा आणि परत यायचा तेव्हा चाकांना हाच वास असायचा. सगळे त्याला हसायचे, लोकांच्या गाड्या उडवून मजा मारतो म्हणायचे. धाकटीही हसली होती. तो मजा मारत नव्हता, काम पुरं करत होता! नव्या पॅडला डिस्कवर जोराने घासून तापावं लागतं, तेव्हा कुठे दोघांचं जमतं. आणि तिने काय केलं होतं? ब्रेक दाबलेच नव्हते, नुसते कुरवाळले होते.

"आई, तू काहीही बिघडवलेलं नाहीस," ती म्हणाली.  "खाली गोदामांचा रस्ता लागला की मला चालवू दे."

गोदामांचा रस्ता लांबलचक, सरळ आणि शनिवारचा ओसाड. धाकटीने वेग घेतला, आता दाबायचा, असं ठरवलं आणि पाय आयत्या वेळी मवाळ पडला. पुन्हा वेग घेतला, पुन्हा तेच. इतक्या वर्षांची सवय, पाय ऐकेचना. शेजारी आई हसून हसून बेजार झाली.

"दाब," ती म्हणाली. "पेला नाहीये समोर."

धाकटीने दाबला. छातीला पट्टा रुतला, आईची पर्स पायाशी आदळली. तापलेले पॅड डिस्कवर दाबून ठेवले तर तिथे डाग उठतो, म्हणून गाडी थांबायच्या आत तिने पाय काढला, वेग घेतला, पुन्हा दाबला. मग पुन्हा. दर हिसक्याला मायलेकी एका सुरात ओरडत होत्या. पॅड चांगले तापले तशी ते निवावेत म्हणून ती ब्रेकला हात, म्हणजे पाय, न लावता वाऱ्यावर गाडी फिरवत राहिली. शेवटी मखमलच्या रीतीने अल्लद थांबवून बघितली. गाडी मुकाट्याने उभी राहिली. धाकटीने स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि तिला एकदम रडूच फुटलं. आई त्या दिवशी ड्युटीवर उशिराच पोहोचली.

रविवारी सकाळी कानात कापूस घालूनच बाबांनी गाडी चालवायला घेतली. धाकटी शेजारी, आई पिशवी मांडीवर घेऊन मागे. व्यापारी आधीच येऊन शटरसमोर उभा होता. त्याला दोन मिनिटं थांबायला सांगून बाबांनी गल्लीला वळसा घातला. वळणावर ब्रेक लागला. न्हाव्याने सवयीने वस्तरा उचलला आणि काहीच ऐकू आलं नाही तसा तो गोंधळून गाडीकडे बघत राहिला.

बाबांनी कानातला कापूस काढला. काय लावलंस, असं त्यांनी विचारलं.

ग्रीस, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. शब्द जिभेवर आलाही होता. पण उद्या या खोलीत दुसऱ्यांच्या गाड्या यायच्या असतील, तर सुरुवात खोट्याने करणं तिच्या जिवावर आलं.

"काही लावलं नाही, बाबा. नव्या पॅडना आधी जोर लागतो. मी तुमच्यासारखा ब्रेक लावत होते, म्हणून ते ओरडत होते. काल टेकडीवर आईने दाबले, तेव्हा कळलं."

बाबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. 

"म्हणजे काम आईने केलं," बाबा म्हणाले.

"काम माझं. चूकही माझी," धाकटी म्हणाली.  "पण आता ती पुन्हा होणार नाही."

 बाबांनी गाडी रस्त्याच्या पार टोकापर्यंत नेली, फिरवली आणि रिकाम्या रस्त्यावरून शटरच्या दिशेने वेग घेतला. गेली चावी, धाकटीला वाटलं. शटर जवळ आलं, व्यापारी दिसायला लागला, बाबांचा पाय कुठेच हलेना. मग तो हलला. ज्या माणसाने उभ्या जन्मात एका प्रवाशाची झोप मोडली नव्हती, त्याने पाय आपटला, तळापर्यंत. आईची पिशवी उडून पुढे आली, बाबांचा चष्मा नाकावरून घसरून मांडीत पडला, व्यापाऱ्याने पायरीवर उडी मारली. गाडी जागच्या जागी उभी. आवाज म्हणाल तर कणभरही नाही.

"अहो," मागून आई म्हणाली, "माझी मान."

व्यापारी बिचकतच खिडकीशी आला आणि खोली उघडताय ना, असं विचारू लागला. बाबा समोरच बघत होते.

"खोली गेली," ते म्हणाले.

"कुणाला?"

बाबांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, खिशातून शटरची चावी काढली आणि शेजारी धरली. धाकटीने ती घेतली आणि मुठीत घट्ट धरली. मग तिने खाली बघितलं. बाबांचा पाय अजून ब्रेकवरच होता, तळापर्यंत.

"बाबा," ती म्हणाली, "आता पाय काढा."