मुठीतलं कातडं

सांगवीच्या हिंदुरावांकडे वडलांच्या म्हणून दोनच वस्तू होत्या, गणवेशातला एक फोटो आणि एक खंजीर. वडील दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर होते. तिथल्या इस्पितळात शेजारच्या खाटेवरच्या अमेरिकन शिपायानं जाताना हा खंजीर त्यांच्या हातात ठेवला, एवढंच घरात ठाऊक होतं. लढाईतून धड परतलेला तो माणूस पुढं पटकीच्या साथीत गेला. हिंदुराव तेव्हा नुकते चालायला लागले होते. वडलांचा आवाज, चाल, राग, त्यांच्या वाट्याला काहीच आलं नाही.

यंदा दसऱ्याला पूजेसाठी खंजीर पुसायला घेतला, तर मूठ हातात खुळखुळली. मूठ म्हणजे कातड्याच्या गोल चकत्या एकीवर एक ओवलेल्या, शेवटी लोखंडी टोपी आणि तिच्यावर नट. पातं आणि मुठीच्या मधली आडपट्टी तर बोटानं फिरत होती. हिंदुरावांचं सणात लक्षच लागेना.

सून वृषाली बारामती एमआयडीसीत कामाला. ती त्यांना तिथल्या अविराज नावाच्या वेल्डिंगवाल्याकडे घेऊन गेली. त्यानं खंजीर उलटासुलटा पाहिला आणि परत दिला.

"आबा, टाका मारला तर घट्ट बसंल. पर कातडं जळंल आन पात्याचं पाणी उतरंल, पोलाद मऊ पडंल. भवानीनगरला कुंडलिकराव हायत, फौजेत हत्यारांची दुरुस्ती करायचे. त्यांच्याकडं जावा."

रविवारी वृषालीच्या स्कूटीवर बसून हिंदुराव भवानीनगरला पोचले. कुंडलिकराव सत्तरीचे, अंगानं किरकोळ. त्यांनी ओसरीवर जुनं धोतर अंथरलं, पात्याला जाड कापड गुंडाळलं आणि काडीच्या टोकानं नटाच्या फटीत तेलाचा एक थेंब सोडला.

"कातड्याला तेल लागू द्यायचं न्हाय, सडतं. आता चहा घेऊ. त्याला मुरू द्या."

चहा झाला, गप्पा झाल्या. पहिल्यांदा पाना लावला तर नट जागचा हलला नाही. हिंदुराव पुढं सरले. "ऱ्हाऊ द्या कुंडलिकराव. मोडलं बिडलं तर..."

"मोडंल असं वाटलं तर मीच थांबीन."

"आतनं चिकटवायचं काही सोडलं तर नाही का चालणार?" वृषालीनं विचारलं.

"चालंल की. पर मग फुडं कुणाला खोलता यायचं न्हाय. आपण केल्यालं उद्या दुसऱ्याला सोडवता आलं पायजे, पोरी."

आणखी एक थेंब, आणखी थोडी वाट. मग नट फिरला. कुंडलिकराव एकेक चकती काढून त्याच क्रमानं दोऱ्यात ओवत गेले. मधेच त्यांचा हात थांबला. एक चकती त्यांनी उजेडात धरली.

"ही विलायती न्हाय."

बाकीच्या चकत्या साच्यातून पडल्यासारख्या एकसारख्या. ही हातानं कापलेली, रंगानं काळपट, आणि एका कडेला टाक्याची बारीक भोकं.

"वहाणेचं कातडं हाय हे. आपल्याकडचं. फौजेतनं आल्यावर खंजीर दुसऱ्या कुणाकडं गेलता का?"

"न्हाय. वडील गेल्यावर आईनं पेटीत ठेवला, तितंच असायचा."

"मग हे तुमच्या वडलांचंच काम. मूठ तवाबी सैल झाली आसंल. त्यांनी ठोकली न्हाय, घासली न्हाय. चकती कापली आन बसवली. ह्या नटाच्या कडा बघा, कुठं ओरखडा हाय का?"

हिंदुरावांनी ती चकती तळहातावर घेतली. वडलांच्या शौर्याचे किस्से त्यांनी आयुष्यभर ऐकले होते. पण तो माणूस कधीतरी असाच मांडी घालून बसला होता, जीभ दातांत धरून कातडं कापत होता, हे कुणी सांगितलं नव्हतं.  वृषालीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"झिजलीय," कुंडलिकराव म्हणाले, "पर काढायची न्हाय. हिच्या शेजारी एक पातळ चकती घालू. तुमी कापा."

कुंडलिकरावांनी कातड्याचा तुकडा आणि कात्री पुढं ठेवली. वृषालीनं कातडं धरलं, हिंदुरावांनी कापलं. चकती जरा वाकडी झाली. कुंडलिकरावांनी ती तशीच बसवली आणि नट बोटांनी आवळून पान्यानं किंचित फिरवला. आडपट्टी जागच्या जागी थांबली.

"आणखी जरा?" हिंदुराव म्हणाले.

"बास. लई आवळलं की कातडं चेपतं."

हिंदुराव पाया पडायला वाकले, तसे कुंडलिकरावांनी त्यांचे दंड धरले. "वडीलधारी माणसं तुमी, काय करताय!"

"बापाला बघितला न्हवता मी, कुंडलिकराव. आज त्याच्या हातचं काम तुमी दावलं. हे उपकार कुठं फेडू?"

"फेडायचं काय त्यात? अशी दुरुस्ती मलाबी बघाया मिळाली," कुंडलिकराव म्हणाले. त्यांची बायको सिंधुबाई ताटं मांडत होती. जेवल्याशिवाय तिनं दोघांना हलू दिलं नाही.

परत निघताना हिंदुराव घराकडे वळेनात. त्यांची थोरली बहीण भामाबाई इंदापूरला राहायची. "तिला सांगून मग जाऊ," ते म्हणाले.

भामाबाईंनी पडल्या पडल्याच ऐकलं. चकतीचं आणि टाक्यांच्या भोकांचं आलं, तशा त्या उठून बसल्या.

"आरं, माझी वहाण हुती ती!"

"तुझी?"

"व्हय. लाल गोंड्याची. दादांनी कापली म्हणून मी लई रडले." वडलांना त्या दादा म्हणायच्या. " कशाला कापली ते काय कळत न्हवतं मला. मग आपल्या दोघांस्नी बैलगाडीत घालून बाजारला नेलं. नवी वहाण घेतली, वर गुळाची गुडीशेव घेतली. येताना तू माझ्या मांडीवर, आन दादा गाडी हाकत गाणं म्हणत हुते."

"मी हुतो?"

"हुतास की. गुडीशेव चोखत झोपलास."

हिंदुराव पलंगाच्या कडेला टेकले. "आक्का, हे आजवर सांगितलं न्हाईस."

"तू इचारलंस कवा? तू आपला लढाईचंच इचारायचास."

"कुठलं गाणं म्हणत हुते?"

भामाबाई आठवून चुकतमाकत गुणगुणू लागल्या, तसे हिंदुराव हसू लागले. दारात उभ्या वृषालीनं घरी फोन लावला आणि हळू आवाजात सासूबाईंना सांगितलं, "आई, आज आम्ही आक्कांकडेच राहतो. आबांना इतकं हसताना मी पहिल्यांदाच बघतेय."