अंगणातलं पीठ

दोरीवर

धोतर दोरीवरून काढायचं, झटकायचं, घडी घालायची, घडी परत झटकायची. पंडितचं लग्न झालं तेव्हा सुगंधाबाईनं नव्या सुनेला, कुंदाला, सगळ्यात आधी हे शिकवलं. स्वयंपाक नंतर. कुंदा पिंपळनेरची, तिकडे डोंगर. कपडे वाळले की ते तसेच अंगावर घालायचे एवढंच तिला माहीत होतं.

वरून खाली

कोळसा जाळून वीज करणारं बिजलीघर गावापासून दोन कोसांवर. चिमण्या तीन.

उन्हाळ्यात वारा राख उचलून पुढच्या गावांवर नेतो, त्यांचं ते बघतील. पावसाळ्यात ती पाण्याबरोबर उतरते, पन्हाळीखाली ठेवलेल्या हंड्यात बोटभर गाळ साचतो. हिवाळा वाईट. पौषात थंड हवा जमिनीलगत बसून राहते, धूर वर चढत नाही, गावावरच पसरतो. पहाटे दव पडतं आणि राख दवाला चिकटते. मग ती झटकून जात नाही. फुंकून तर नाहीच.

कपाशीची बोंडं पांढरी उमलतात. वेचायला जाईपर्यंत पांढरी राहत नाहीत.

फुंकर

सुगंधाबाईचा नवरा लीलाधर सगळ्यावर फुंकर मारायचा. भाकरीवर. बाजेवर बसण्याआधी बाजेवर. चपलेत पाय घालण्याआधी चपलेत. एकदा धुळ्याला लग्नाला गेला. तिथं राख नव्हती, तरी पंगतीत त्यानं पत्रावळीवर फुंकर मारली आणि वाढलेलं मीठ शेजारच्या पाहुण्याच्या डोळ्यात गेलं. तेव्हापासून त्याची थोरली बहीण भिकुबाई त्याला फुक्या म्हणायची. सगळा जीव असाच फुंकून टाकशील, म्हणायची.

नंतर ती हे म्हणेनाशी झाली.

त्याला दम लागू लागला होता. जळगावच्या डॉक्टरांनी बिडी सोडायला सांगितली. लीलाधरनं बिडी कधी ओढलीच नव्हती, पण डॉक्टरांना वाईट वाटू नये म्हणून तो हो म्हणाला.

शेवटच्या हिवाळ्यात तो भाकरी तोंडासमोर धरून बसायचा. ओठांचा चंबू व्हायचा, आतून काही यायचं नाही. सुगंधाबाई पुढे होऊन फुंकर मारायची. मग तो घास घ्यायचा.

बाजेवर

घरात कोंडल्यासारखं होतं म्हणून त्यानं बाज अंगणात काढायला लावली. पंडित म्हणाला, बाहेर तर सगळी राखच आहे. लीलाधर म्हणाला, आत काय वेगळं आहे.

तिथंच, दिवस मावळताना, गेला.

टोपलीखाली

तिसऱ्या दिवशी पुरुषमाणसं राख सावडून नदीवर जाऊन आली. त्या संध्याकाळी पीठ पसरायचं होतं.

माणूस जिथं गेला त्या जागी सारवायचं, वर चाळलेलं पीठ पातळ पसरायचं, शेजारी दिवा ठेवायचा, दोन्हींवर बांबूची टोपली पालथी घालायची. सकाळी टोपली उचलून बघायचं. गेलेला परत येतो आणि पुढं कोण होणार त्याची खूण पिठावर ठेवून जातो. गाईचा खूर, मुंगीची रांग, पाखराचा पंजा. माणसाचं पाऊल उमटलं तर तो घरातच जन्म घेणार. खूण भिकुबाई वाचायची. गावातल्या कितीतरी घरांत तिनंच वाचली होती.

कुंदाला पाचवा महिना होता. घरातल्या सगळ्यांच्या मनात पाऊल होतं.

सुगंधाबाईच्या मनात पाखरू होतं. तिनं ते कुणाला सांगितलं नाही. डोंगराकडे जाणारं, थव्यातलं, कुठलंही. ज्याला इथं राहावं लागत नाही असं. पीठ चाळताना ती तेवढंच मागत होती.

अडचण जागेची होती. तो अंगणात गेला होता, म्हणून पीठ अंगणातच, उघड्यावर. पंडितला ते कळत होतं. तो बिजलीघरातच कामाला होता, ठेकेदाराकडे, राख पाण्यात कालवून सोडतात त्या तळ्यावर. पहाटे काय पडतं हे त्याला कुणी सांगायला नको होतं. तो गोठ्याचा जुना पत्रा घेऊन आला. चार विटा लावून टोपलीवर पत्रा टाकतो, बाजूंना पोतं लावतो, म्हणाला.

सुगंधाबाईनं पत्र्याला हात लावून तो अडवला.

"झाकं तं त्या येतीन कथाईन?"

"माय, उघडं राहिनं तं राख पडी."

"पडू दे. त्यासले येवाले वाट पाहिजे."

पंडितनं आत्याकडे बघितलं. भिकुबाई म्हणाली, तिचा नवरा, तिला ठरवू दे. पत्रा परत गोठ्यावर गेला. टोपलीच्या फटींतून दिव्याचा उजेड अंगणभर पट्ट्यापट्ट्यांनी पडला.

पिठावर

सकाळी धुकं. दिवा विझलेला. टोपली दवानं ओली, वरून करडी.

भिकुबाईनं ती उचलली. खाली वाकली. एका बाजूनं बघितलं, मग दुसऱ्या बाजूनं.

पीठ पांढरं नव्हतं. फटींतून राख उतरली होती, सारखी, कुणी चाळणीनं चाळावी तशी. दवानं ती पिठाला धरली होती आणि दोन्ही मिळून एक पापुद्रा झाला होता.

"पाय नही, पंजा नही. काहीच नही शे."

कुंदानं पदर तोंडाला लावला.

तो आला नाही असं भिकुबाई म्हणाली नाही. आला असेल आणि वरून पडलं असेल, हेही म्हणाली नाही.

सुगंधाबाई गुडघ्यांवर बसली. दोन्ही हात मागे घेतले, पिठाला धक्का लागू नये म्हणून, आणि फुंकर मारली. हळू, भाकरीवर मारायची तशी. काही हललं नाही. थोडी जोरात मारली. मग छाती भरून. पापुद्र्याचा एक कोपरा सुटला आणि त्याखालचं पीठही त्याला चिकटूनच वर आलं. खाली सारवलेली जमीन दिसली. बाकी तसंच. ती फुंकत राहिली. तिला खोकला आला, त्याच्यासारखा, आणि कुंदानं पुढं होऊन तिचे खांदे धरले.

पंडितनं विचारलं, आज घरात परत पसरू का, दारं लावून. भिकुबाई म्हणाली, दुसऱ्यांदा पसरत नाहीत. एकदाच येतात.

मग

सुगंधाबाईनं पापुद्रा उचलून सुपात घेतला. नदीवर न्यायला हवा होता. सूप मांडीवर ठेवून ती बसली. उठायच्या आधी कुंदाकडे बघून म्हणाली,

"बाळंतपणले पिंपळनेरले जाय. तठेच ऱ्हाय. लेकरू आठे आनू नको."

पंडितची नोकरी इथं. हे तिला माहीत होतं. भिकुबाई म्हणाली,

"अन पोटमा तोच व्हई तं?"

"मंग तं अजिबातच नको."

भिकुबाई टोपली हातात घेऊन उभी राहिली. तिच्या भावाचं घर ते. तिनं टोपली उलटी करून भिंतीवर आपटली, दोनदा, आणि आत गेली.

दोरीवर

लीलाधरचं एक धोतर अजून दोरीवर होतं. सुगंधाबाईनं ते काढलं. जुनं, मऊ, बाळाच्या दुपट्यांना चांगलं. झटकायला हात वर गेला आणि तिनं तो खाली घेतला. तसंच गुंडाळून कुंदाच्या हातात दिलं.

आत्ता धू नको, म्हणाली. तिकडे गेल्यावर धू. तिकडेच वाळव.