राहण्याचा पुरावा

वहिनी नव्या चपला उलट्या धरून पायरीच्या दगडावर घासत होती.

"तुमच्या चपला कालच आणल्यासारख्या दिसता कामा नयेत," ती म्हणाली. "वन्सं, तुम्ही तुमचे दोन कपडे भिजवून दोरीवर टाका. सुकलेले कपडे कुणाचेही असू शकतात."

नणंदेने बॅगेतून कपडे काढून नळाखाली धरले. पिळून दोरीवर टाकले. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. अकराला तपासनीस येणार होता.

"अण्णांना सांगितलंस?"

"सांगितलं. म्हटलं, फार बोलायचं नाही. दोनदा 'हो' आणि एकदा 'आहे'. एवढंच."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, चहा झाला का."

"मग?"

"मग काय, चहा दिला. तुमच्या भावाने सांगितलं असतं तर ऐकलं असतं कदाचित. पण तो सकाळीच कामावर पळाला. इतका भित्रा आहे, हे मला लग्नानंतर कळलं."

ती हसली नाही. हसायला आज तिच्याकडे काही नव्हतं.

नदीच्या पलीकडच्या प्रांतात, जिथे ती नवरा आणि दोन मुलींसह कंपनीच्या दोन खोल्यांत राहत होती, तिथे अवजड वाहनाच्या परवान्याची परीक्षा ती तीनदा नापास झाली होती. तीनदाही एकाच जागी. ट्रक मागे घेत आखलेल्या चौकोनात लावायचा, तोही फक्त आरशात बघून. खाली उतरलं की परीक्षा तिथेच संपली. आणि तिला गाडी शिकवली होती नवऱ्याने. चौदा वर्षं त्याच्या ट्रकला ओरखडा आला नव्हता. तो म्हणायचा, दिसत नसेल तर उतर, उतरून बघण्यात कमीपणा नाही. तिसऱ्या वेळी नियम तिला तोंडपाठ होता. तरी आरशाच्या कडेला काहीतरी हललं आणि हात आपणहून दाराकडे गेला. पाय जमिनीला टेकल्यावर तिला कळलं. मागे कुणीही नव्हतं. परीक्षकाने कागदावर तिरकी रेघ मारली.

अशा तीन रेघा झाल्या की पलीकडे वर्षभर परीक्षेला बसता येत नाही. नदीच्या अलीकडचे नियम वेगळे. इथे उमेदवाराला दोनदा खाली उतरून बघता येतं, पलीकडच्या रेघा इथे कुणी मोजत नाही, आणि परवाना कुठलाही असला तरी दोन्हीकडे चालतो. अट एकच. उमेदवार इथला रहिवासी हवा. त्यासाठी माणूस घरी येतो, घर बघतो आणि घरातल्या वडीलधाऱ्याला तीन प्रश्न विचारतो.

गेल्या हिवाळ्यात नवऱ्याची उजवी बाजू अर्धांगाने गेली. कंपनीने त्याची गाडी महिनाअखेरपर्यंत तिच्यासाठी राखून ठेवली होती. गाडी गेली की खोल्याही जाणार होत्या. आज चोवीस तारीख होती. परीक्षा अठ्ठाविसाला.

आणि घरातलं वडीलधारं माणूस म्हणजे अण्णा.

अण्णा एकतीस वर्षं नाक्यावरच्या वजनकाट्यावर बसले होते. काटा जे दाखवी ते त्यांनी लिहिलं, कमी नाही की जास्त नाही. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या काट्यावर जावयाचा ट्रक आला. माल दोनशे दहा किलो जास्त भरला. तिने फोनवर विनवण्या केल्या, तेव्हा तिला सातवा महिना होता. अण्णांनी दोनशे दहा लिहिले आणि सहा महिन्यांसाठी नवऱ्याचा परवाना गेला. दुसऱ्या दिवशी ती याच दारात उभी राहून म्हणाली होती की या घरात पुन्हा पाऊल ठेवणार नाही. काल संध्याकाळी तिने ते ठेवलं. अण्णांनी वर्तमानपत्रावरून एकदा पाहिलं आणि पुन्हा वाचायला घेतलं.

तपासनीस वेळेवर आला. सडपातळ माणूस, काखेत कागद अडकवलेली पाटी. त्याने पाणी नको म्हटलं, दोरीवरचे कपडे पाहिले, कपाटात डोकावला आणि अण्णांसमोर खुर्ची ओढून बसला.

"ही तुमची मुलगी?"

"हो."

"इथेच राहते?"

अण्णांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग त्या घडीची घडी घातली.

"नाही."

वहिनी पदर सावरत लगबगीने पुढे झाली.

"वय झालंय हो त्यांचं, साहेब. विसरतात."

"वय एकाहत्तर," अण्णा म्हणाले. "विसरत काही नाही. काल सव्वासहाला आली, बॅग एक. चपला आज सकाळी घासल्या आहेत."

"किती दिवसांपासून राहत नाही?"

"नऊ वर्षं."

तपासनिसाने दोन्ही उत्तरं लिहिली. त्याचं अक्षर सावकाश आणि गोल होतं. ती ते उलट बाजूने वाचत होती.

"साहेब," ती म्हणाली. "पलीकडे वर्ष थांबावं लागतं. माझ्याकडे सहा दिवस आहेत. मला गाडी येते. तुम्ही हवं तर आत्ता बघा, हवी तिथे लावून दाखवते."

"गाडी बघणारा वेगळा असतो, बाई. मी राहणं बघतो." बोलण्यात कठोरपणा नव्हता. "तिसरा प्रश्न आहे. छापलाय म्हणून विचारतो. 'अर्जदार बाहेर असताना याच पत्त्यावर परत येण्याचा त्याचा इरादा आहे काय?'"

"हा कसला प्रश्न?" अण्णांनी विचारलं.

"ड्रायव्हर महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर असतो. मग तो राहतो कुठे, हे ठरवायचं कसं? जिथे परत यायचं असतं, ते घर धरतात. याचं उत्तर 'आहे' असेल तर आजपासून रहिवासी लिहिता येतं. मात्र बिऱ्हाड इथे आणावं लागतं. तीन महिन्यांनी मी न सांगता येतो."

"आहे म्हणा, अण्णा," वहिनी हळूच म्हणाली.

"तिचा इरादा मला काय ठाऊक?"

"उत्तर घरातल्यानेच द्यायचं असतं," तपासनीस म्हणाला.

"मग विचारून सांगतो."

अण्णा खुर्चीसकट तिच्याकडे वळले.

"येणार आहेस?"

सकाळपासून ती कशालाही हो म्हणायला तयार होती. आत्ताही हो ओठांवरच होतं. ते म्हटलं असतं तर सगळं मार्गी लागलं असतं, आणि तीन महिन्यांनंतरचं तीन महिन्यांनी बघता आलं असतं. पण अण्णा वाट बघत होते, काट्याची सुई हलायची थांबेपर्यंत बघत तसे. त्या नजरेसमोर नुसतं हो चालणार नव्हतं.

"जाताना मी काय बोलले, ते तुम्ही ऐकलंत," ती म्हणाली.

"ऐकलं. मी आजचं विचारतोय."

नळ नीट बंद झाला नव्हता. वहिनीला ते ऐकू येत असूनही ती जागची हलली नाही.

"दोन मुली आहेत," ती शेवटी म्हणाली. "धाकटी फार रडते. तुम्हाला सोसायचं नाही."

"त्या धरल्या. आणि तो?"

नऊ वर्षांत या घरात त्याचा विषय निघाला नव्हता. तिने मान वर केली.

"त्याला टाकून मी कुठे येणार?"

आतल्या खोलीतून वर जाणाऱ्या जिन्याकडे, त्याच्या उंच, अरुंद पायऱ्यांकडे अण्णांनी पाहिलं. घरातली एकच रिकामी खोली त्या जिन्याच्या वर होती.

"जिना चढता येतो त्याला?"

तिने मान हलवली. नाही.

"मग माझी खाट वर न्यावी लागेल," अण्णा सुनेला म्हणाले. तपासनिसाचं पेन कागदाला टेकलं, तसा त्यांनी हात पुढे करून त्याला थांबवलं.

"घाई करू नका," ते म्हणाले. "तिने अजून हो म्हटलेलं नाही."